दोन टायर आण्णांचे, दोन हिराबाईंचे

बसा. चहा टाकलाय, येईलच. तोवर माझी एक फजिती ऐका. सहसा मी ही कुणाला सांगत नाही, कारण सांगितली की लोक पुढे महिनाभर माझ्याकडे बघून उगाचच मान मागे वळवतात.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी, शहाणासुरता, लायसन्स खिशात असलेला संसारी माणूस, सलग दोन महिने रोज सकाळी अर्धा किलोमीटर गाडी उलटी चालवत होतो. म्हणजे अक्षरशः रिव्हर्समध्ये. पुढे जायचे चारही गियर ठणठणीत असताना.

का? तर टायरसाठी. आता टायरचा आणि उलटं जायचा संबंध काय, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्या बायकोच्याही आलेलं. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर झालं असं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मी रंगाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होतो. दहा वर्षं डबे मोजले, झाकणं दाबली, आणि एक दिवस कारखान्यालाच झाकण लागलं. सगळे दुसरीकडे चिकटायला धावले. माझ्या डोक्यात मात्र स्वतःचा धंदा करायचं खूळ. मी सेकंडहँड पिकअप घेतली. निळी, पुढे केबिन, मागे उघडा हौदा. गाडी चालवायला येत होती, गाडीतलं काही कळत नव्हतं. बॉनेट उघडलं की मी आत बघायचो आणि मान डोलवून बंद करायचो.

माझे सासरे, आण्णा, ठाण्याला नौपाड्यात राहायचे. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर रस्ते केले. त्यामुळे रस्त्यावरून चालताना ते समोर कधी बघत नसत, खाली बघत. खड्डा दिसला की थांबून त्याची लांबी-रुंदी मोजत आणि मग ज्याने तो रस्ता केला असेल त्याच्याबद्दल शुद्ध मराठीत दोन शब्द बोलत. माझ्या धंद्याची बातमी ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुकुंदराव, धाडस चांगलं आहे. दसऱ्यापर्यंत करून बघा. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर माझ्या मित्राच्या ऑफिसात हिशेबनिसाची जागा आहे, त्याला मी शब्द टाकून ठेवलाय."

त्यात वाईट काहीच नव्हतं हो. पण मला रात्रंदिवस ती खुर्ची दिसायला लागली. पुन्हा कुणाच्या तरी टेबलाशी बसून आकडे लिहायचे. मला ती खुर्ची नको होती. मला माझी निळी गाडी पाहिजे होती. एवढंच काय ते पणाला लागलेलं.

चार महिने फुटकळ भाडी केली. कधी कुणाचं कपाट विठ्ठलवाडीला, कधी कुणाच्या लग्नाच्या खुर्च्या आंबिवलीला. पण रोजचं बांधलेलं काम मिळेना. मग कुणीतरी सांगितलं, खाडीवर जा. तिथल्या कोळणींना सकाळी कल्याणच्या बाजारात मासळी न्यायला गाडी पाहिजे.

मी गेलो. डांबरी सडक संपते तिथून धक्क्यापर्यंत मातीचा बांध, दोन्ही बाजूला तिवरांची झाडी, आणि बांधावर गुडघाभर काळा चिखल. शंभर पावलं गेलो नाही तर गाडी बसली. चाकं जाग्यावर गरगर फिरतायत आणि मी आत बसून आणखी जोरात पाय दाबतोय. शेवटी धक्क्यावरून आठ कोळणी आल्या, कासोटा खोचला, मागून खांदे लावले आणि गाडी उचलल्यासारखी बाहेर काढली. मागच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल त्यांच्या अंगावर.

मी मान खाली घालून उतरलो. त्यांच्यातली पुढारीण हिराबाई. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज खाडीच्या पल्याड जाईल असा. तिने तोंडावरचा चिखल पुसला आणि माझ्या टायरकडे बघितलं.

"पोरा, ह्ये टायर हान का आमच्या म्हाताऱ्याचं टक्कल?"

बायका खो खो हसल्या. खरंच, टायर पार गोटा झालेले. एक खाच दिसेल तर शपथ.

मग हिराबाईने मला काम समजावलं. नारळी पुनवेपासून दसऱ्यापर्यंत दोन गाड्या रविवार सोडून रोज येऊन बघतील. एक माझी, एक दुसऱ्या टेम्पोवाल्याची. "दसऱ्याला मी तुज्या घरी येन आन काय त्यो निकाल सांगन. पन एकदा जरी रुतलास त मंग येव नको. मासला थांबत नाय. आन टायर बदल. नखं असलेलं टायर घे. चिखलान नखं रुतली तरच गारी वर येल. आन म्होरं..."

"घेतो मावशी, नखंवालेच घेतो," मी म्हणालो, आणि ती पुढे काय बोलते ते न ऐकता गाडीत बसलो. मला लाज वाटत होती. त्यातून माझा एक स्वभावच आहे. मोठं माणूस बोलायला लागलं की त्याचं वाक्य संपायच्या आत माझा होकार तयार असतो. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्हाला देवाने कान दिले ते चष्मा अडकवायला.

आता त्याच रविवारी ठाण्याला सासुरवाडीला जेवायला गेलो. श्रीखंड वाढता वाढता शैला बोलून गेली की हे नवीन टायर घेणार आहेत. झालं. आण्णांनी पुरी खाली ठेवली.

"मुकुंदराव, टायर हा विषय गमतीचा नाही. तुम्ही ठाणं, कल्याण, शीळफाटा असे सगळीकडे फिरणार. ओल्या डांबरावर गाडी वळवायची म्हणजे सरळ रेघांचे टायर पाहिजेत. चाक हुकमात राहतं. नाहीतर ते दात्यांचे टायर लावून लोक चांगल्या रस्त्यावर नांगर चालवल्यासारखे फिरतात. आम्ही रस्ते काय त्यासाठी केले? लक्षात ठेवा, सरळ रेघांचेच. आता मागच्या..."

"हो आण्णा. सरळ रेघांचेच घेतो," मी म्हणालो आणि श्रीखंडाची दुसरी वाटी पुढे केली.

सासऱ्यांना जावई नाही कसं म्हणणार, सांगा. आणि तेही जेवताना, त्यांच्याच घरी? आमच्याकडे अशी रीत नाही. आण्णा मला अहो-जाहो करायचे, माझ्या आधी स्वतःचं पान वाढू द्यायचे नाहीत. अशा माणसाला मी काय सांगू, की मी परवाच एका कोळणीला उलटा शब्द देऊन बसलोय?

सोमवारी शीळफाट्यावर गेलो. तिथे टायरवाल्या उस्तादचं दुकान. उस्ताद जाडजूड, शांत माणूस, टायरच्या थप्पीवर टायरसारखाच बसलेला. त्याने मला दोन्ही प्रकार दाखवले. एक सरळ रेघांचा, दिसायला सभ्य. दुसरा जाड दात्यांचा, बघूनच चिखल घाबरेल असा.

"कौनसा दूं सेठ?"

मी तासभर त्या दोन टायरांमध्ये फेऱ्या मारल्या. एकाकडे बघितलं की आण्णा दिसत, दुसऱ्याकडे बघितलं की हिराबाई. रेघांचे घेतले तर चिखलात रुतणार, काम जाणार. दात्यांचे घेतले तर सासऱ्यांचा शब्द मोडणार, आणि ते म्हणणार, माझं ऐकलं नाहीत, आता त्या खुर्चीवर बसा. उस्तादने मधे दोनदा चहा मागवला. आणि दुसऱ्या चहाला माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

आण्णा पक्के शाकाहारी. मासळीच्या हौद्याच्या आसपास फिरकणार नाहीत. म्हणजे ते बघणार फक्त गाडीचं पुढचं अंग. हिराबाईचा संबंध हौद्याशी. ती बघणार मागचं. मग दोन टायर आण्णांचे पुढे, दोन हिराबाईचे मागे. दोघांचाही शब्द राहिला. आपल्या अकलेवर मी स्वतःच इतका खूश झालो की उस्तादच्या पाठीवर थाप मारली.

"उस्ताद, आगे ये दो लगाओ. पीछे वो दो. लेकिन किसी को बोलना नहीं."

उस्तादने माझ्याकडे बघितलं. "इसमें बोलने का क्या है सेठ? वैसे भी सब लोग..."

"बस, उस्ताद. एक अक्षर नाही."

"अरे सेठ, मैं ये बोल रहा था कि..."

"समझ गया मैं," मी डोळा मारला. त्याने खांदे उडवले आणि पाना घेतला. आमच्या आजूबाजूला शीळफाट्यावर पन्नास ट्रक उभे होते. त्यातल्या एकाच्याही चाकांकडे मी वळून बघितलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आणि मग सुरू झाली ती कसरत.

खाडीवर पहिल्या दिवशी मी डांबराच्या टोकाशी थांबलो. सरळ गेलो तर हिराबाईला पहिली दिसणार पुढची चाकं. रेघावाली. म्हणून गाडी वळवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळा बांध उलटा उतरलो. धक्क्याला लागलेल्या होड्यांपाशी पोचलो तेव्हा मानेत उसण, पण मागचे दाते कसे ऐटीत पुढे. हिराबाईने वाकून बघितलं, अंगठ्याने दाबून बघितलं.

"हां. आता कसं. माझं आयकलंस."

पुढची चाकं मी बारदानाने झाकून टाकली. एकीने विचारलं, ह्ये काय? मी म्हटलं, टायर तापतात. ऑगस्टच्या पावसात, सकाळी सहाला. तिने दुसरीकडे बघितलं, दुसरीने तिसरीकडे.

दोन-चार दिवस असे गेले आणि कोळीवाड्यात कुजबुज सुरू झाली. पहिल्यांदा ठरलं की गाडीचे पुढचे गियर मोडलेत. एका म्हाताऱ्याने मला प्रेमाने बाजूला घेऊन कल्याणच्या मेकॅनिकचा पत्ता दिला. मग लक्षात आलं की जाताना मी सरळ जातो. तेव्हा ठरलं की माझ्या मानेत दोष आहे. एक बाई तेल घेऊन आली. मी नको म्हटलं तर म्हणाली, बायकोला दे, ती लावंल. शैलाने बाटली बघितली, वास घेतला, आणि काही न विचारता फळीवर ठेवली. तिला वाटलं, धंद्यातलं काही असेल.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की मी नवस बोललोय. काय नवस, कुठल्या देवीचा, हे कुणी विचारायचं नाही, विचारलं की फळत नाही. त्या दिवसापासून मी उलटा यायला लागलो की बांधावरची माणसं बाजूला सरून उभी राहत. एक म्हातारी तर हात जोडायची. मी खिडकीतून डोकं काढलेलं, समोरून म्हातारी नमस्कार करतेय. मी काय करणार? मीही नमस्कार करायचो. एकदा त्या नादात अर्धं चाक बांधाखालच्या खाजणात गेलेलं, पण दात्यांनी ओढून काढलं.

हे झालं खाडीचं. रविवारी ठाण्याची पाळी. आण्णांच्या बिल्डिंगच्या आवारात मी गाडी अशी लावायचो की नाक त्यांच्या गॅलरीकडे आणि ढुंगण कंपाऊंडच्या भिंतीला चिकटलेलं. मागच्या चाकांवर ताडपत्री पार जमिनीपर्यंत सोडलेली. आण्णा खाली उतरत, पुढच्या दोन्ही टायरवरून हात फिरवत.

"वा. शिस्तीत झिजतायत. आणि मागे ती ताडपत्री?"

"वास, आण्णा. मासळीचा."

"अच्छा अच्छा," म्हणत ते दोन पावलं मागे. मग शेजारच्यांना बोलावून सांगत, "आमच्या जावईबापूंनी टायर माझ्या सल्ल्याने घेतले बरं का. हल्ली कोण ऐकतं वडीलधाऱ्यांचं?"

हे ऐकलं की मी उगाच गाडी पुसायला लागायचो. खरं सांगतो, चोरी करून आलेल्या माणसालाही इतका घाम फुटत नसेल. बरं, ज्याच्यासाठी हे सगळं, ते गाडीचं काम उत्तम चाललेलं. दोन महिन्यांत एकदाही रुतलो नाही. शीळफाट्याच्या वळणावर एकदाही घसरलो नाही. गाडी रस्त्यावरही चालत होती, चिखलातही चालत होती. मला वाटायचं, नशीब.

मग आला दसरा.

दसऱ्याला गाडीची पूजा. आण्णा खास डोंबिवलीला येणार, पूजा त्यांच्याच हातची. आणि त्याच सकाळी हिराबाई निकाल सांगायला घरी येणार. दोघं एकाच दिवशी, एकाच गाडीपाशी. 

पण मी हरलो नाही. आमच्या चाळीच्या बाजूला एक बोळ होता. एका टोकाला आमचं अंगण, दुसऱ्या टोकाला रस्ता. रुंदी बरोब्बर माझ्या गाडीएवढी. मी गाडी त्या बोळात घुसवली. नाक अंगणाकडे आण्णांसाठी, पाठ रस्त्याकडे हिराबाईसाठी. दोन्ही बाजूंना भिंती. मुंगीसुद्धा इकडून तिकडे जाणार नाही. आण्णा पुढे पूजा करतील, हिराबाई मागून निकाल सांगेल, मी चाळीला वळसा घालून दोघांना भेटत राहीन. फक्त एक गोष्ट विसरलेलो. दार उघडायला जागा नव्हती. शेवटी नव्या सदऱ्यानिशी खिडकीतून निघून, बॉनेटवरून घसरत अंगणात आलो. शैला हातात पूजेचं ताट घेऊन बघत उभी.

"अहो, गाडी अशी का लावलीत?"

"ऊन लागतं."

ताट तिने जरा जोरातच खाली ठेवलं.

आण्णा आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला, पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली. मग उरलेली दोन लिंबं हातात घेऊन मागे जायला वाट शोधू लागले.

"मागची मी ठेवलीत, आण्णा," मी घाईघाईने सांगितलं. साफ खोटं.

"उत्तम. आता गाडी पुढे घ्या. लिंबं चिरडू देत."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. लिंबावरून गाडी न्यायची असते हे मला काय माहीत नव्हतं? पण भीतीत माणूस काय काय विसरतो. ठीक आहे म्हटलं, वीतभर पुढे घेऊ, लिंबू फुटलं की थांबू. मागची चाकं तर बोळात खोल आहेत. पुन्हा बॉनेटवरून चढलो, खिडकीतून आत शिरलो, गाडी चालू केली, अलगद पुढे घेतली. पुढची लिंबं फुटली. ब्रेक दाबला, गियर काढला, इंजिन बंद केलं.

नेमकं त्याच वेळी बोळाच्या दुसऱ्या टोकाला हिराबाई आलेली. बरोबर त्याच बाकीच्या सात जणी, नटून, गजरे माळून. त्यांना काय दिसलं? गाडी घुर्र करून हलली, वीतभर सरकली आणि थांबली.

"अगो बाय, परत रुतली," हिराबाईचा तो आवाज. "लावा गो खांदा."

"नको, मावशी, नको," मी आतून ओरडतोय. घाबरून माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला आणि आठ कोळणींनी गाडी एका दमात ढकलली. गाडी बोळातून सुटली, सबंध अंगणात आली, तुळशीला वळसा मारून चाळीच्या पायरीशी थांबली. आण्णा छत्रीसकट पायरीवर चढलेले. मागून आठ जणी गजरे सावरत अंगणात. आणि मधोमध माझी गाडी, चारही बाजूंनी उघडी, सगळ्या जगाला चारही टायर दाखवत.

आण्णांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि सावकाश मागच्या चाकाकडे निघाले. हिराबाई पुढच्या चाकाकडे निघाली. मधे दोघं एकमेकांना ओलांडून गेले. आण्णांनी छत्रीच्या टोकाने दाते ठोकून बघितले. हिराबाईने अंगठ्याने रेघा चाचपल्या. मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

माझ्या मनात ती हिशेबनिसाची खुर्ची येऊन बसली. आता दार उघडतं हे विसरून मी खिडकीतूनच निघायला गेलेलो आणि तिथेच अडकलेलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिथूनच मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. श्रीखंड, चिखल, उस्ताद, बारदान, ताडपत्री, उलटं येणं, सगळं. "आण्णा, मी तुमचा शब्द मोडला. मावशी, मी तुम्हालाही फसवलं. माझं चुकलं. पण मला ही गाडी सोडायची नव्हती हो."

आण्णांनी रुमाल खाली घेतला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"पण मुकुंदराव, मागे हेच टायर लागतात."

"आन म्होरं ह्येच लागतान," हिराबाई म्हणाली.

"अहो, मी तेच सांगत होतो त्या दिवशी. पुढे सरळ रेघांचे, म्हणजे गाडी वळणावर ताब्यात राहते. आणि मागच्या चाकांना दाते, म्हणजे ती मातीत ढकलतात. पण तुम्ही मधेच हो म्हणालात आणि श्रीखंड मागितलंत."

"मी पन तेच बोलत व्हते. मागं नखं आन म्होरं रेघा. तू आयकायला थांबलास कवा?"

"शीळफाट्यावर टायर घेतलेत ना?" आण्णांनी विचारलं. "तिथे एवढे ट्रक उभे असतात. एकाचीही चाकं नाही पाहिलीत? अहो, हिंदुस्थानातला प्रत्येक ट्रक असाच चालतो."

मला उस्ताद आठवला. वैसे भी सब लोग. बिचारा दोनदा सांगत होता.

म्हणजे बघा हं. जी गोष्ट सगळा देश उजळ माथ्याने करतोय, ती मी दोन महिने बारदानाखाली झाकून केली.

पहिली हसली ती शैला. पायरीवरच बसली, पदर तोंडाला लावला, आणि डोळ्यांतून पाणी. "आण्णा, हे मला बघायला आलेले तेव्हा आठवतं? तुम्ही काहीतरी विचारत होतात आणि हे मधेच म्हणाले, पसंत आहे."

"आठवतं ना," आण्णा गंभीरपणे म्हणाले. "मी विचारत होतो, चहा घेणार की सरबत."

मग जे हसणं सुरू झालं ते चाळीच्या वरच्या मजल्यापर्यंत गेलं. आठ कोळणी एकमेकींच्या खांद्यावर. आण्णा हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितले. त्यांना ठसका लागला, तर हिराबाईने स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आण्णांनी तो घेतला, रुमाल न लावता.

हसणं ओसरल्यावर मी कसाबसा खिडकीतून खाली उतरलो. हिराबाईसमोर उभा राहिलो. विचारायचा धीर होत नव्हता.

"मावशी, मग काम त्या टेम्पोवाल्याला..."

हिराबाईने पदर खोचला. "त्यो येतो नाकासमोर. हौदा राहतो तिकरं, होरी राहते हिकरं. भरल्या पाट्या डोक्यावं घेवन चिखलान सगल्या गारीला वलसा घालावा लागतो. दोघी जनी घसरून परल्या गेल्या महिन्यान. तू आयलास का तुज्या हौद्याचा मागचा फाळका सरल होरीला लागतो. पाटी उचलायची आन ठेवायची. आमच्या कंबरा वाचल्या, पोरा. तुजा नवस आसो नाय तर येरेपना, गारी तुजीच लागली."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लपवायला मी गाडीच्या हाराकडे बघत राहिलो. आण्णा माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "त्या मित्राला मी आजच कळवतो की जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या." आणि ते असं म्हणाले जणू मला बढती मिळाली आहे. मिळालीच होती.

"पन एक हाय," हिराबाई म्हणाली. "तू रोज..."

"कबूल, मावशी," मी म्हणालो. "सगळं कबूल."

शैलाने कपाळावर हात मारला. आण्णांनी डोळे मिटले.

"त मंग ठरलं," हिराबाई बायकांकडे वळून म्हणाली. "ह्यो रोज उलटाच येल. डांबरापासना. रविवारी पन."

अकरा वर्षं मी ते काम केलं. त्यावर घर चाललं, मुलं शिकली, दुसरी गाडी घेतली. टायर कितीदा बदलले, पण पुढे रेघा आणि मागे दाते, आता उघड्यावर. तिसऱ्या वर्षी आण्णांनी खाडीवर येऊन, टेप लावून बांध मोजला, अर्जांवर अर्ज केले आणि तिथे डांबरी रस्ता करून घेतला. चिखल गेला, नखांची गरज उरली नाही. मी मात्र उलटाच जात राहिलो. शब्द दिलेला ना.

आताही बघा, मला मागून कुणी हाक मारली की सगळी माणसं वळतात तसा मी वळत नाही. आधी डोकं उजव्या बाजूला बाहेर काढतो आणि मग चार पावलं मागे येतो. घ्या, चहा आला. साखर किती, हे मी विचारलं होतं का? थांबा, या वेळी पूर्ण ऐकून घेतो.